डीएनए जुळला, पण बाटली कोणाची?



लहान मुलीवर अत्याचार झाल्याची बातमी आली की विरार-डहाणू गाडीत त्या दिवशी दुसरा विषय नसतो. दोन-तीन दिवसांत कोणीतरी पकडला जातो. पुढे कधीतरी पेपरात एक ओळ छापून येते, 'डीएनए जुळला', आणि चर्चा तिथेच संपते. "आता काय राहिले? लटकवा त्याला." हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे, आणि खरे सांगायचे तर आपल्यापैकी पुष्कळांनी ते म्हटलेही आहे. त्यामागचा राग खोटा नसतो. ज्यांच्या घरात लहान मुले आहेत त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

आजच्या लेखात आम्ही त्या एका ओळीचाच अभ्यास करणार आहोत. डीएनए जुळला म्हणजे नेमके काय झाले? तो कोणी जुळवला, कशाशी जुळवला, आणि मधल्या काळात ती बाटली कोठे होती? प्रश्न कंटाळवाणे वाटतील. पण आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या एका खटल्यात याच प्रश्नांवर एका माणसाची फाशी रद्द झाली. तेव्हा थोडा धीर धरून वाचावे, ही विनंती.

सुरुवात आपल्या ओळखीच्या कथेपासून करू. दानिएलच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायातील सुसान्नाची कथा आपण उपवासकाळात मिस्सामध्ये ऐकतो. दोन प्रतिष्ठित वडील तिच्यावर खोटा आळ घेतात. साक्षीदार दोन, दोघेही मानाचे, दोघांची साक्ष सारखी. लोक लगेच तिला मरणाची शिक्षा देतात. तरुण दानिएल काय करतो? तो चमत्कार करीत नाही. दोघांना वेगवेगळे उभे करतो आणि प्रत्येकाला एकच साधा प्रश्न विचारतो, कोणत्या झाडाखाली पाहिलेस? दोघे दोन वेगळी झाडे सांगतात. आपल्याला कथेचा शेवट आठवतो, पण आम्हाला वाटते खरा धडा मधे आहे. शिक्षा ठरून झाली होती, लोक तिला घेऊन निघाले होते, आणि तरीही कोणीतरी थांबून पुरावा पुन्हा तपासला.

आता डीएनएकडे येऊ. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत तो असतो. रक्तातल्या तांबड्या पेशींत तो नसतो, पांढऱ्या पेशींत असतो. लाळ, वीर्य, केसाचे मूळ, कातडीचे कण यांतूनही तो मिळतो. निम्मा आईकडून येतो, निम्मा वडिलांकडून. प्रयोगशाळेत सगळा डीएनए वाचत बसत नाहीत. त्यातल्या पंधरा-वीस ठरावीक जागा पाहतात. त्या जागी अक्षरांचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो. कोणाचा बारा वेळा, कोणाचा पंधरा वेळा. सर्व जागांचे आकडे मांडले की त्या माणसाचा एक नमुना तयार होतो. सारख्या जुळ्या भावंडांखेरीज दोन माणसांचा हा संपूर्ण नमुना सारखा निघणे जवळजवळ अशक्य असते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण पेपरवाले ती सांगत नाहीत. दोन नमुने जुळत नसतील तर उत्तर स्पष्ट असते: हा डाग या माणसाचा नाही. जुळले तर मात्र उत्तर हिशेबाचे असते. असा नमुना लोकसंख्येत किती जणांचा असू शकेल, हे गणिताने काढावे लागते. डाग अर्धवट खराब असेल, दोन-तीन जणांचा मिसळलेला असेल, तर तो हिशेब कच्चा होतो. आणि दोन्ही उत्तरे एका गोष्टीवर उभी असतात. बाटलीवर ज्याचे नाव लिहिले आहे, रक्त त्याचेच असले पाहिजे. यंत्राला नाव वाचता येत नाही. आपण जे घालू तेच ते मोजते.

हे पहिल्याच खटल्यात दिसून आले. इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञांनी १९८४ साली डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत शोधली. जवळच्याच खेड्यांत १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींवर अत्याचार करून त्यांचे खून झाले होते. पोलिसांनी सतरा वर्षांचा एक मुलगा पकडला. त्याने दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली. पहिला खूनही त्याचाच असावा म्हणून पोलिसांनी जेफ्रीज यांना तपासणी करायला सांगितले. निष्कर्ष निघाला तो असा: दोन्ही खून एकाच माणसाने केले आहेत, आणि तो माणूस हा मुलगा नव्हे. कबुली दिलेला मुलगा सुटला. गुन्ह्याच्या तपासात डीएनएने पहिले काम केले ते निरपराधाला सोडवण्याचे. गुन्हेगार नंतर सापडला.

मग पोलिसांनी त्या परिसरातील पाच हजारांहून अधिक पुरुषांचे रक्त तपासले. कोणीच जुळेना. एके दिवशी दारूच्या गुत्त्यात बेकरीतला एक कामगार बोलून गेला की आपण दुसऱ्याच्या नावाने रक्त दिले. ज्याच्या नावाने दिले तो त्याच बेकरीतला सहकारी, कॉलिन पिचफोर्क. त्यालाच १९८८ मध्ये जन्मठेप झाली. म्हणजे तपासणी अगदी बरोबर होती, बाटलीही नीट होती, फक्त बाटलीवरचे नाव खोटे होते. गुत्त्यातली ती बडबड कोणी ऐकली नसती तर सर्वांत आधुनिक शास्त्राने खऱ्या खुन्याला निर्दोष ठरवून घरी पाठवले असते.

आता आपल्या भागाकडे वळू. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्याआधी पालघर, बोईसर, तारापूर हे सर्व ठाणे जिल्ह्यातच होते, आणि आपल्याकडचे मोठे खटले ठाण्याच्या सत्र न्यायालयात चालत. जून २०१० मध्ये या ठाणे जिल्ह्यात सहा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. उत्तरेकडून कामासाठी आलेल्या एका माणसाला पोलिसांनी अटक केली. नोव्हेंबर २०१४ मध्ये ठाण्याच्या न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. पुराव्यात मोठा आधार होता तो डीएनए अहवालाचा.

१९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. भूषण गवई, न्या. विक्रम नाथ आणि न्या. संजय करोल यांच्या खंडपीठाने त्याची निर्दोष मुक्तता केली. हा निकाल 'प्रकाश निषाद विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने ओळखला जातो. सुमारे तेरा वर्षे तो माणूस कोठडीत होता, त्यांपैकी साडेआठ वर्षे फाशीच्या सावलीत.

न्यायालयाने डीएनए शास्त्र खोटे ठरवले, असे कोणी म्हणू नये. न्यायालयाने विचारले ते दानिएलसारखे साधे प्रश्न. आरोपीचे नमुने कोणी घेतले? कागदपत्रांवरून ते स्पष्ट होईना. १४ जून २०१० रोजी घेतलेले नमुने दोन दिवसांनी, १६ जूनला तपासणीसाठी रवाना झाले. महिन्याभराने, २० जुलैला पुन्हा नमुने घेतले गेले आणि ते मात्र त्याच दिवशी रवाना झाले. एकाच प्रकारच्या नमुन्यांना एकदा एक वेग आणि एकदा दुसरा, हे का? उत्तर नाही. विलंबाचे कारण नोंदलेले नाही, आणि त्या काळात नमुने दूषित झाले नसतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. अशा स्थितीत अहवालात 'जुळला' असे लिहिलेले असले तरी त्यावर माणूस फासावर चढवता येत नाही, असे न्यायालयाने मानले.

जून आणि जुलै. हे महिने आपल्याकडे कसे असतात ते आपल्याला सांगायला नको. कपाटातल्या कोटाला बुरशी येते, पापड सादळतात, चपला हिरव्या होतात. रक्ताचा किंवा वीर्याचा डाग असलेला कपडा ओला असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला तर त्यातल्या डीएनएची तीच गत होते. म्हणून नियम असा आहे की कपडा सावलीत पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवावा, सील करावा, आणि पातळ नमुने थंड जागी ठेवून लवकर पोचवावेत. आपल्या भागातून मुंबईला कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत नमुना न्यायचा म्हणजे गाडीने काही तासांचाच प्रवास. तासांच्या प्रवासाला दिवस आणि आठवडे लागतात तेव्हा मधल्या वेळेचा हिशेब कोणीतरी द्यायला हवा.

त्याच निकालातील दुसरी बाब बोईसर-तारापूरच्या भाविकांनी विशेष ध्यानात घ्यावी. पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्या कायद्यात पुरावा होत नाही. परंतु आरोपीने सांगितले आणि त्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग न्यायालयात चालतो. यासाठी निवेदन पंचनामा करतात. या प्रकरणात आरोपीचे निवेदन मराठीत लिहिले गेले होते. त्याला मराठी येत नव्हते. त्याच्या भाषेत ते त्याला वाचून, समजावून सांगितल्याचेही दिसत नव्हते. म्हणजे जे 'त्याने सांगितले' म्हणून न्यायालयापुढे आले, ते त्याला वाचताच येत नव्हते.

तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळी सुटते त्या वेळी नाक्यावर उभे राहून ऐकावे. हिंदी, भोजपुरी, ओडिया, बंगाली, तमिळ, मल्याळम, सगळे कानी पडते. आपल्या धर्मग्रामातही किती भाषांची कुटुंबे आहेत! पूर्वेकडे गेले की वारली आणि कातकरी बांधव. त्यांची बोली वेगळी, आणि सरकारी कागदाची मराठी त्यांना परकीच. खरे तर पंचनाम्याची मराठी आम्हालाही दोनदा वाचावी लागते. 'सदर इसमास समक्ष विचारणा केली असता' अशी सुरुवात झाली की पुढे काय लिहिले आहे ते कळेपर्यंत सहीची वेळ येते.

आणि सही करणारे कोण असतात? आपणच. पंच म्हणून पोलीस रस्त्यावरच्या माणसाला बोलावतात. दुकानदार, रिक्षावाला, कारखान्याचा सुपरवायझर, कधी शाळेतले गुरुजी. पुष्कळ जण टाळतात, 'कोर्टाच्या फेऱ्या कोण मारणार' म्हणून. जे जातात त्यांतले काही जण न वाचता सही करून मोकळे होतात, कारण साहेब घाईत असतात. आपल्यापैकी कोणावर ही वेळ आली तर टाळू नये, आणि घाईही करू नये. मजकूर पूर्ण वाचून घ्यावा. जे डोळ्यांनी पाहिले नाही ते लिहिले असेल तर तसे सांगावे. पाकिटावर सील आपल्यासमोर लागले का, लेबलावर तारीख, वेळ आणि गुन्हा क्रमांक आहे का, आपली सही लेबलावर घेतली का, हे पाहावे. निवेदन देणाऱ्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवले का, हेही विचारावे. एवढे विचारल्याने कोणी गुन्हेगार सुटत नाही. न विचारल्याने मात्र दोन्ही होऊ शकते: निरपराध अडकतो, किंवा खरा गुन्हेगार पुढे तेरा वर्षांनी कागदाच्या चुकीवर सुटतो.

सर्वोच्च न्यायालयाने १५ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूतील एका फाशीच्या खटल्यात आरोपीला मुक्त करताना याबद्दल साऱ्या देशासाठी नियम घालून दिले. नमुना घेतल्यावर त्याच्या पाकिटावर गुन्ह्याचा तपशील, पोलीस ठाणे आणि तपास अधिकाऱ्याची नोंद हवी. डॉक्टर, तपास अधिकारी आणि स्वतंत्र साक्षीदार यांच्या सह्या हव्यात. नमुना ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचा. उशीर झाला तर कारण लिहून ठेवायचे. न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडायचे नाही. आणि नमुना घेतल्यापासून खटल्याच्या शेवटापर्यंत तो कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला, याची नोंदवही ठेवायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. ती प्रत्यक्षात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिलेली आहे. झडती आणि जप्तीचे चित्रीकरणही आता करायचे आहे. कागदावर हे चांगलेच आहे. पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत ते कसे उतरते, ते पुढे दिसेल.

डीएनए नसताना काय होते, याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे, आणि ते अधिक जुने दुखणे आहे. जून २००३ मध्ये नाशिक परिसरात पेरूच्या बागेत राहणाऱ्या शेतकरी कुटुंबावर दरोडा पडला. पाच जण मारले गेले, बलात्कार झाला. जालना जिल्ह्यातील भोकरदन भागातील भटक्या जमातीच्या सहा मजुरांना अटक झाली. २००६ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच सुनावली. त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर निष्पन्न झाले.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच निकाल पुन्हा उघडला आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. कारण काय? वाचलेल्या आईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या छायाचित्रांतून चार वेगळीच माणसे ओळखली होती. तो कागद तपासात दडपला गेला. त्या चौघांवर पुढे काहीच झाले नाही. सोळा वर्षांनी राज्य शासनाने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करावी, असा आदेश झाला.

पाच लाख भागिले सोळा वर्षे. हिशेब आपण करावा. चुकीच्या खटल्यात वर्षे गमावलेल्या माणसाला भरपाई देण्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात तसा कायदा सुचवला होता. शिक्षा झालेल्या कैद्याने 'जुना नमुना नव्या रीतीने पुन्हा तपासा' असे हक्काने मागावे, अशी स्वतंत्र तरतूदही आपल्याकडे नाही. अमेरिकेत अशा तपासणीने तीनशेहून अधिक जण सुटले, आणि त्यांच्या खटल्यांचा अभ्यास झाला तेव्हा दिसले की दहांपैकी जवळजवळ सात खटल्यांत डोळ्यांनी पाहणाऱ्या साक्षीदारांची ओळख चुकली होती. ते साक्षीदार खोटारडे नव्हते. बहुतेक जण मनापासून चुकले होते. सुसान्नाच्या वेळी साक्षीदार दुष्ट होते म्हणून दानिएलचे काम त्या मानाने सोपे होते, असे कधीकधी आम्हाला वाटते.

घाईबद्दलही बोलले पाहिजे, कारण ती पोलीस ठाण्यात सुरू होत नाही, आपल्या दारात सुरू होते. गुन्हा जितका भयंकर, तितका 'कोणीतरी पकडा' हा दबाव मोठा. १६ एप्रिल २०२० च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे, मुले पळवणारे आणि चोर फिरत आहेत या अफवेवरून जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला ठार मारले. तेथे ना नमुना होता, ना पंच, ना अपील. टाळेबंदीत अंत्यविधीला निघालेले ते प्रवासी होते. संशयाला पुराव्याची जागा मिळाली की काय होते, हे पाहायला आपल्याला इंग्लंड-अमेरिकेला जावे लागत नाही.

फाशीबद्दल ख्रिस्तसभेची शिकवण आता स्पष्ट आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये श्रद्धाशिकवणीचा २२६७ वा परिच्छेद बदलला आणि देहदंड अस्वीकार्य ठरवला. कारण दिले ते मानवी प्रतिष्ठेचे, आणि गुन्हेगारालाही सुधारण्याची वाट खुली ठेवण्याचे. आपल्यातील काही जणांना हे मनापासून पटत नाही, याची आम्हाला कल्पना आहे. त्यांनी निदान एवढे पाहावे की ठाण्याच्या खटल्यातील तो माणूस आणि नाशिकचे सहा, हे सातही जण फाशीच्या रांगेत होते. २०१५ नंतर किंवा २००९ नंतर लगेच अंमल झाला असता तर पुढचे निकाल कोणाला वाचून दाखवले असते?

व्यवहाराची एक गोष्ट. आपल्या ओळखीत, चाळीत, कारखान्यात कोणी अटक झाला आणि वकील करायची ऐपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. कोठडीत असलेल्या व्यक्तीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. १५१०० हा विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. वकील पहिल्या दिवसापासून हवा. नमुने पहिल्या आठवड्यात घेतले जातात, आणि तिथे झालेली चूक पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाते.

आता राहिला तो सर्वांत अवघड भाग. ठाण्याच्या त्या मुलीचे काय? तिच्या आईवडिलांनी २०१० पासून २०२३ पर्यंत हेच धरून दिवस काढले असतील की दोषी सापडला आहे. निकाल वाचून त्यांना काय वाटले असेल, ते लिहिण्याचा अधिकार आम्हाला नाही. न्यायालयाने आरोपीला सोडले, पण मग कोणी केले, हे त्या निकालातून कळत नाही. कळू शकतही नाही. ज्या नमुन्याने उत्तर दिले असते, त्याच्यावरच विश्वास ठेवण्यासारखी स्थिती उरली नव्हती. नमुना नीट राखला नाही म्हणजे अन्याय एकट्या आरोपीवर होत नाही.

नमुना राखला गेला तर काय होते, ते कर्क ब्लड्सवर्थ यांच्या बाबतीत दिसले. अमेरिकेतील मेरीलँड राज्यातला हा मच्छीमार घराण्यातला तरुण. १९८४ मध्ये तेथे नऊ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. पाच साक्षीदारांनी ब्लड्सवर्थ यांच्याकडे बोट दाखवले आणि १९८५ मध्ये त्यांना मृत्युदंड झाला. फेरखटल्यात तो जन्मठेपेवर आला. तुरुंगातच त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. तेथे त्यांच्याकडे ग्रंथालयाचे काम होते. वाचता वाचता एक पुस्तक हाती लागले, ते होते लेस्टरच्या त्या दोन मुलींच्या खटल्यावरचे, बेकरीवाल्या पिचफोर्कचे. त्यांनी वकिलाला सांगितले, माझीही हीच तपासणी करा.

आधी सांगण्यात आले की पुराव्याच्या वस्तू आता उरलेल्या नाहीत. शोध घेतला तेव्हा त्या न्यायाधीशांच्या दालनातील कपाटात सापडल्या, खोक्यात, कागदी पिशवीत. डाग शाबूत होता. १९९३ मध्ये अहवाल आला की तो ब्लड्सवर्थ यांचा नाही. जवळजवळ नऊ वर्षांनी ते बाहेर आले. डीएनएमुळे सुटलेले, एकदा मृत्युदंड झालेले ते अमेरिकेतील पहिले कैदी. तरी गावातले काही लोक म्हणतच राहिले की तो सुटला, एवढेच, केले त्यानेच.

त्याच डागाचा नमुना २००३ मध्ये गुन्हेगारांच्या नोंदींशी ताडून पाहिला गेला आणि नाव निघाले. तो माणूस दुसऱ्या एका गुन्ह्यासाठी त्याच तुरुंगात होता, ब्लड्सवर्थ यांच्या कोठडीच्या एक मजला खाली. दोघे एकमेकांना ओळखत होते. ग्रंथालयातली पुस्तके ब्लड्सवर्थच त्याला नेऊन देत असत.